रंगारी कामावर आला नाही

९ फेब्रुवारी

भिंगरे,

पत्र बघून फाडशील हे मला ठाऊक आहे. पण फाडण्याआधी माणूस दोन ओळी तरी वाचतोच. त्या दोन ओळी या: अंडी बंद कर. दूध बंद कर. आजपासून.

आता फाड हवं तर.

नाही फाडलंस ना? मग बस. तुझ्या बापाच्या बसवरचा कंडक्टर काल दारात उभा राहून ओरडला, "आजी, तोंड गोड करा, पणजी होणार तुम्ही!" डोंगरापलीकडे तुमच्या खानावळीत जेवायला उतरला होता म्हणे. तुझा आचारी पळी हलवत सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत होता, बायकोला दिवस गेलेत, सकाळी उकडलेली अंडी, दुपारी मासा, झोपताना पेलाभर दूध वर साय घालून. "पानात काही टाकत नाही आमची राणी," असंही म्हणाला. कंडक्टरला वाटलं मी हसेन. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. तुझा बाप आतून आला, माझं तोंड बघितलं आणि परत आत गेला. आयुष्यभर बस चालवली त्यानं, घरात मात्र कायम मागच्या सीटवर.

तू मला काय समजतेस ते गल्लीला पाठ आहे. म्हातारीनं नातीला उपाशी ठेवलं. ठेवलं. बटाटा तोलून दिला. शेजारणीनं हातावर ठेवलेला चीजचा तुकडा तुझ्या तोंडात बोट घालून काढला. तू पाहुण्यांसमोर माझं बोट चावलीस, तरी काढला. जन्मल्यावर तुझ्या टाचेला टोचून रक्ताचा थेंब घेतला होता, आणि दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईनं माझ्या हातात ती छोटी तागडी देऊन सांगितलं होतं, "आजी, हिच्या अंगात एक विकर नाही. सगळ्यांना ज्यानं ताकद येते त्यानं हिचं डोकं जाईल." तेव्हापासून आपण तिला तागडीवाली म्हणतो. तुझी आई तोवर वारली होती, म्हणून तागडी माझ्या हातात आली. थोरल्याच्या वेळी टाचेला टोचायची पद्धत नव्हती. फरक तू रोज बघत वाढलीस. तू वकिलासारखी भांडतेस, आणि तुझा सख्खा भाऊ तिशीला आला तरी त्याची बटणं मला लावावी लागतात.

घर सोडलंस तेव्हा पावडरचा डबा भिंतीवर मारून गेलीस. भिंतीवर डाग आहे अजून. आठवण म्हणून ठेवलेला नाही, पुसायला कंबर वाकत नाही. तेव्हापासून तू काय खातेस ते मी विचारलं नाही. तुझं अंग, तुझी मर्जी. आता त्या अंगात भाडेकरू आहे.

कंडक्टरबरोबर पावडरचा नवा डबा पाठवते. वास तोच, जुन्या मोज्यांचा. नाक दाबून पी. थोरला ठीक आहे.

— आजी

२१ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं कार्ड आलं. चार ओळी, त्यात दोन शिव्या. अक्षर मात्र सुधारलंय.

लिहितेस, मोठं झाल्यावर पथ्य सोडलं तरी चालतं, डॉक्टरच म्हणाले होते. म्हणाला होता खरं, मी शेजारीच बसले होते. तेव्हा सगळेच तसं म्हणायचे. आता कुणी म्हणत नाही. डॉक्टरांचंही हवामानखात्यासारखंच असतं, पाऊस पडून गेला की अंदाज बदलतात.

लिहितेस, पोराला हा रोग व्हायला आई आणि बाप दोघांकडून खोट यावी लागते, आणि यांच्या सात पिढ्यांत असलं काही नाही. वर दटावतेस, "यांना काही माहीत नाही. तू सांगायचं नाहीस. सांगितलंस तर मी तुला मेले." बरं. नाही सांगत. लिहून देते, मी त्याला एक शब्द सांगणार नाही.

पण तुझं कार्ड घेऊन मी तागडीवालीकडे गेले. म्हटलं, पोरगी शिकलेली आहे, कदाचित तिचंच बरोबर असेल आणि मी उगाच जीव टांगणीला लावून बसले असेन. तिनं कार्ड वाचलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा काढणाऱ्या बायकांची मला धास्ती वाटते. घालून बोलतात ते औषधाचं असतं, काढून बोलतात ते मरणाचं.

"ती म्हणते ते चूक नाही, आजी," ती म्हणाली. "पोराला हा रोग बहुतेक होणार नाही."

"मग झालं तर."

"झालं नाही. तुम्ही काम काय करता?"

मी म्हटलं, जुने स्वेटर उसवते. गाठोडी येतात, आम्ही बायका शिवणी फोडतो, धागा ओढतो, रंग वेगळे करतो, लडी धुऊन वाळवतो. मग त्याच लोकरीचं दुसऱ्या कुणाच्या मापाचं विणतात.

"मग तुम्हाला सोपं आहे. पोटातही हेच चालतं."

तिनं सांगितलं ते मी तुला माझ्या शब्दांत सांगते, कारण तिच्या शब्दांत मला जांभई आली होती आणि तुलाही येईल. अंडं म्हणजे कोंबडीचा स्वेटर. दूध म्हणजे गाईचा. ते जसेच्या तसे आपल्या अंगाला होत नाहीत. म्हणून पोटातले विकर ते टाका टाका उसवतात, आणि त्या धाग्यांतून अंग स्वतःच्या मापाचं विणतं, रक्त, मांस, आतडी, कातडी, सगळं. विणलेलं ते प्रथिन. उसवणारे आणि रंगवणारे हात ते विकर. मी विचारलं, हे हात कशाचे? म्हणाली, "तेही प्रथिनांचेच. तेही विणलेलेच." म्हणजे कारखाना लोकरीचा आणि कामाच्या बायकाही लोकरीच्या. मला हसू आलं. तिला आलं नाही.

त्या धाग्यांत एक राखाडी धागा असतो. त्याचं खरं नाव मालगाडीएवढं लांब आहे, आपण राखाडीच म्हणू. अंगाला तो थोडाच लागतो. उरलेला धागा यकृतातला एक विकर काळा रंगवतो. त्या कामाला तो एकच, बदली माणूस नाही. तो आपला रंगारी. त्या काळ्यातून केसांचा रंग होतो, आणखी काय काय होतं. तुझा रंगारी विणतानाच एक टाका चुकला. पिंपाशी उभा आहे, पण हात हलवत नाही. नुसता पगारी पुतळा. मग राखाडीचे ढीग लागतात. आधी पिंपाशी, मग वाटेत, मग जिन्यात, मग डोक्यात. थोरल्याचे केस पिवळट का, त्याला एक गोष्ट शंभरदा सांगून राहत का नाही, ते हे. डोक्यात पाय ठेवायला जागा नाही. आणि तू नाक मुरडून प्यायचीस ती पावडर म्हणजे राखाडी वगळून बाकीचे सगळे धागे, आयते उसवलेले.

"पण पोराचा रंगारी धड असेल की," मी म्हटलं. "बाप चांगला आहे."

"धड असेल. पण अजून कामाला लागलेला नाही. आणि राखाडी पोराच्या ताटातून येत नाहीये, आजी. आईच्या रक्तातून येतेय, नाळेतून. आईकडे जेवढी असते त्याहून जास्त पोराकडे साठते."

"मग?"

"डोकं वाढत नाही. हृदय नीट जुळत नाही. सुरुवातीचे दोन-तीन महिने सगळ्यांत वाईट, कारण सगळी विणाई तेव्हाच चालू असते. खरं तर दिवस जाण्याआधीपासूनच पथ्य हवं होतं."

एवढं बोलून तिनं चष्मा घातला आणि विचारलं, "किती महिने झाले तिला?" मला माहीत नव्हतं. स्वतःच्या नातीचं मला कंडक्टरकडून कळतं.

आता नीट वाच. पोराला तो रोग नसेल, हे तुझं बरोबर. पोराचा रोग तू असशील.

बाई बोलावतेय. येऊन रक्त दे. पावडर पी, आणि पिऊन कळव. एक ओळ पुरे, शिवी घातलीस तरी चालेल.

— आजी

५ मार्च

भिंगरे,

डबा परत आला. कंडक्टरनं दोन्ही हातांत धरून आणला, जसा काही माझा सत्कारच होता. घासून लखलखीत केलेला. आत अंडी. एकेक कागदात गुंडाळलेली, वर गवत. आणि तुझ्या आचाऱ्याचा निरोप: "आजींना सांगा, पावडर प्रवासात खराब झाली होती, उघडताच वास मारत होती, म्हणून मोरीत ओतून टाकली. डबा रिकामा कसा पाठवायचा, म्हणून घरच्या कोंबड्यांची अंडी."

मी कंडक्टरला विचारलं, "ओतली तेव्हा नात कुठे होती?"

"तिथेच होती की. भांडी पुसत होती."

"काही बोलली?"

"नाही. हसली."

आचाऱ्याचा दोष नाही. वास घेऊन मासा ताजा की शिळा सांगणं हाच ज्याचा धंदा, तो ती पावडर दुसरं काय करणार? त्या पावडरीला चांगला वास येतो म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे. पण तुला माहीत होतं, ती खराब झालेली नाही, ती अशीच असते. एका वाक्याचं काम होतं. तू भांडी पुसलीस.

मला एवढंच सांग, तो माणूस तुला मारतो का? टाकून बोलतो का? कंडक्टर म्हणतो, तुला बसायला स्वतःची खुर्ची आणून देतो. मग त्याला घाबरतेस कशाला? रोग आहे म्हटल्यावर टाकून देईल म्हणून? की आयुष्यात पहिल्यांदा कुणी न तोलता वाढलं, ते जाईल म्हणून? दुसरं कारण असेल तर मला कळतं. कळतं म्हणून पटतं असं नाही.

त्या खानावळीत सगळे तुझ्यावर माया करतायत. मासेवाली चांगला तुकडा बाजूला काढून ठेवते, दूधवाला माप ओततो आणि वर धार सोडतो, नवरा पातेल्याच्या तळाचं तुला काढून देतो. एवढी माया एका पोटावर मी कधी बघितली नाही. आणि प्रत्येक घासागणिक ढीग वाढतोय. कुणी वाईट माणूस असता तर त्याचा हात धरता आला असता.

कारखान्यात काल एका गाठोड्याला कसर लागलेली निघाली. वरून गाठोडं ठीक. हात घातला तर बाहेर नुसता भुगा. मुकादमीण म्हणाली, "आजी, लोकर खाणाऱ्या किड्याला दात नसतात म्हणे, पोटातच काहीतरी असतं." मी म्हटलं, असेल, मला आता कुणाच्या पोटातलं काही सांगू नकोस.

अंडी थोरल्यानं खाल्ली. त्याला आता पथ्य करून फारसा फरक पडत नाही, नुसतं स्वतःचा हात चावणं कमी होतं. दोन दिवस त्याच्या हाताला फडकं बांधून ठेवलं.

दुसरा डबा पाठवत नाही. मोरीला पाजायला माझ्याकडे पावडर नाही.

— आजी

१४ मार्च

भिंगरे,

उत्तर नाही. ठीक. बुधवारी आम्ही येतोय, मी आणि थोरला. तुझा बाप आणून सोडेल, त्याची फेरीच आहे त्या रस्त्यावर. काळजी करू नकोस, भांडायला येत नाही. थोरल्याला बसमध्ये बसायला आवडतं, आणि तुझी आठवण काढतो. जेवू आणि परत जाऊ.

मी दिलेला शब्द लक्षात आहे.

— आजी

२० मार्च

भिंगरे,

आता तू मला काय म्हणत असशील ते इथपर्यंत ऐकू येतं. म्हण. पण काल मागच्या अंगणात काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून लिहिते. मी दिलेला शब्द मोडला असं समजून बसली असशील, तर तेही नीट कळू दे.

आधी माझं खोटं. थोरल्याला बस आवडत नाही. सबंध रस्ताभर त्यानं माझा दंड धरून ठेवला होता, वळणावर दोनदा ओकला. मी त्याला दाखवायला आणलं होतं. तुझ्या नवऱ्यानं बघावा, विचारावं, आणि तुला उत्तर द्यावं लागावं, म्हणून. माणसाला असं वापरू नये. मी वापरला.

तू गल्ल्यावर होतीस. पोट अजून दिसत नव्हतं, गाल वर आलेले. इतकी छान दिसत होतीस की क्षणभर मला वाटलं आपणच वेडे. थोरला "भिंग, भिंग" करत गिऱ्हाइकांतून वाट काढत धावला, एका माणसाचं ताट पालथं झालं, आणि तू त्याला मिठी मारलीस. तुझा आचारी फडक्याला हात पुसत बाहेर आला.

"कोण गं?"

"माझी आजी. हा दादा."

"अरे वा! मग उभे का? बसा, बसा. आजी, डबा पोचला का? ती पावडर अगदीच गेलेली होती हो, कुठल्या दुकानातून घेतली?"

तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, "पोचला. अंडी चांगली होती."

त्यानं थोरल्याला स्वतः भरवलं. माशातले काटे काढून, लहान घास करून. गिऱ्हाइकं हाका मारत होती तरी उठला नाही. मी त्याच्यात खोट शोधायलाच बसले होते, आणि मला सापडेना. मग त्यानं सहज विचारलं, जसं कुणीही विचारेल, "जन्मापासूनच असा आहे का गं हा?"

मी पाण्याचा पेला उचलला आणि वाट बघितली. एवढ्यासाठी आले होते, वाकड्या रस्त्यानं, ओकणारं पोर घेऊन.

तू म्हणालीस, "पाळण्यातून पडला होता."

आणि समोरचं अर्धं अंडं तोंडात टाकलंस. माझ्याकडे बघत चावलंस.

मी खूप माणसं बघितली आहेत, पोरी. पण तेव्हा हातातला पेला न पिताच खाली ठेवला.

मग तू गल्ल्यावर गेलीस, आणि थोरल्याचं तोंड धुवायला मी त्याला मागे नेलं. तुझा नवरा बादली घेऊन मागोमाग आला. मला म्हणाला, "तुम्ही बसा, मी धुतो." त्यानं थोरल्याचा सदरा काढला, त्याची मान पुसली, आणि पुसता पुसता थांबला. वाकला. पुन्हा वास घेतला. मी कांद्याच्या पोत्यावर बसले होते, तिथूनच बघत होते.

"आजी, याच्या अंगाला हा वास कसला?"

"कसला?"

"उंदरासारखा. बंद कपाटातल्या उंदरासारखा." तो अजून थोरल्याची मान धरून होता. "हिच्या उशीला येतो हा. लग्न झाल्यावर वर्षभर मी आमच्या खोलीत उंदीर शोधला. पिंजरे लावले. पलंग हलवला, भिंतीतली भोकं बुजवली. कधी काही सापडलं नाही. हिला काही बोललो नाही, तिला लाज वाटेल म्हणून."

मी पोत्याची सुतळी उसवू लागले.

"पाळण्यातून पडलेल्या माणसाला वास कसा येईल, आजी?"

मी म्हटलं, "मी तुला एक शब्द सांगणार नाही असं लिहून दिलंय."

त्यानं थोरल्याला सदरा घातला. बटणं लावली, सगळी, खालपासून वरपर्यंत. मग माझ्यासमोर उकिडवा बसला. "शब्द नका सांगू. होय असेल तर मान हलवा. दोघांना एकच आहे?"

मी मान हलवली.

"ती पावडर औषध होतं?"

मान हलवली.

"मी जे वाढतो..." इथं त्यानं आपले दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. "आजी, मी जे रोज हिला वाढतो, ते?"

मान हलवली, भिंगरे. मानेला कुणी शपथ घातली नव्हती.

तो स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. आतून कुणीतरी ओरडलं, "मालक, दोन ताटं!" तो हलला नाही. मग त्यानं विचारलं, "उशीर झालाय का?"

त्याला मान कशी हलवायची, मला माहीत नव्हतं.

पुढचं तुला माहीत आहे. त्यानं आत येऊन तुझ्या पुढ्यातलं ताट उचललं तेव्हा तू काय काय फेकलंस, ते आम्ही बसस्टँडपर्यंत ऐकलं. तुझ्या बापानं बस सुरू केली, बंद केली, परत सुरू केली. मी म्हटलं, चल. आपलं इथलं काम झालं. त्यानं आरशातून माझ्याकडे असं बघितलं, तसं उभ्या जन्मात कधी बघितलं नव्हतं.

माझ्याशी बोलू नकोस. जन्मभर नको बोलूस. तागडीवालीशी बोल. ती रोज विचारते.

— आजी

२८ मार्च

भिंगरे,

तुझं नाही, तुझ्या नवऱ्याचं पत्र आलं. बाई म्हणाली तसं रक्त तपासलं, राखाडीचा आकडा ऐकून तिनं पुन्हा तपासायला सांगितलं, दुसऱ्यांदाही तोच. पावडर तू पितेस. तो समोर बसतो आणि तोही तुझ्याबरोबर एक पेला पितो, असं लिहिलंय त्यानं. मूर्ख आहे. पिऊ दे.

तू तीन दिवस त्याच्याशी बोलली नाहीस, आणि चौथ्या दिवशी म्हणालीस, "बटाटा कमी तोललास." वाचून मी कारखान्यात एवढ्या मोठ्यानं हसले की मुकादमीण धावत आली. मग बराच वेळ उसवता येईना, धागा दिसत नव्हता.

— आजी

८ जुलै

भिंगरे,

पहिल्यांदा तुझं पत्र आलं, पाकिटातलं, दोन पानांचं. शिवी एकही नाही. म्हणून उघडतानाच कळलं काय असणार.

तू लिहितेस, आकडा एप्रिलपासून खाली आहे, बाई खूश आहे. लिहितेस, पोटावरून ते यंत्र फिरवणारी मुलगी आधी बडबडत होती, हा हात, हा पाय, हे नाक बापाचं. मग डोक्यावर आली आणि बोलायची थांबली. मोजलं, पुन्हा मोजलं, आणि मोठ्या डॉक्टरला बोलवायला गेली. डॉक्टर म्हणाला, डोकं थोडं मागे आहे, वाढतं आहे पण मागे आहे, आणि हृदयात एक जागा आहे, भोक आहे की सावली हे जन्मल्यावरच कळेल. "कदाचित काही नसेल," असंही म्हणाला. तू विचारतेस, तो असं का म्हणाला. कारण त्यालाही माहीत नाही, पोरी. माहीत असलेला माणूस कदाचित म्हणत नाही.

तू विचारतेस, आम्ही मार्चऐवजी फेब्रुवारीत आलो असतो तर. विचारू नकोस. ज्या टाक्यावरून सगळं उसवावं लागेल असा टाका शोधत बसलं की माणसाच्या हातात शेवटी नुसता धागा उरतो. झालेली वीण झाली. आता जे चाललंय ते नीट चालू दे. पावडर पी.

आणि तू विचारतेस, थोरल्यासारखं होईल का. तुझ्या दोन पानांत खरा प्रश्न एवढाच आहे, बाकी सगळं त्याच्याभोवती गुंडाळलेलं.

मला माहीत नाही. खोटी आशा देणारी आजी हवी असेल तर दुसरी बघ. जन्मल्यावर कळेल, आणि तेव्हाही सगळं कळणार नाही. थोरला वर्षाचा होईतो आम्हाला वाटत होतं, शांत पोर आहे, देखणं आहे, केस बघा कसे सोनेरी. शेजारणी मागून न्यायच्या खेळवायला.

पण एक सांगते. मी दोन्ही प्रकारची वाढवली आहेत. एकाची बटणं लावली, दुसरीच्या तोंडात बोट घालून घास काढले. श्रम तेवढेच. एक आभार मानत नाही कारण त्याला येत नाही, दुसरी मानत नाही कारण तिला येतं. त्यामुळे मला घाबरवायला तुझं पोट पुरेसं नाही.

दवाखाना इथे आहे, तागडीवाली इथे आहे. दिवस भरत आले की आचाऱ्याला खानावळ बंद करायला सांग आणि इकडे या. मागच्या खोलीतली गाठोडी मी हलवली. तुझ्या बापानं न सांगता सुताराकडून छोटी खाट करून आणली आहे, कडेनं उंच फळ्या लावून. पोर दोन वर्षांत उतरेल अशीही करता येते आणि कधीच उतरणार नाही अशीही, सुतारानं त्याला दोन्ही विचारलं होतं. यानं मधली करून आणली.

काल ती खाट घेऊन तो खोलीच्या दारात उभा राहिला आणि मला विचारलं, "आई, कुठे ठेवू? खिडकीशी, की थोरल्याच्या शेजारी?"

मी म्हटलं, पोर येईपर्यंत दारातच राहू दे.

— आजी